टिपा-खुणांचे व्हिडिओ आणि कामावरचं शिकणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भोसरी, सातपूर, वाळूज किंवा शिरोलीतल्या वीस-पन्नास माणसांच्या मशीनशॉपमध्ये ट्रेनिंग डिपार्टमेंट नसतं. सगळं येणारा एखादा सेटर (मशीन कामासाठी लावून देणारा कारागीर) असतो आणि त्याच्या आजूबाजूला अजून हात न बसलेली चार-पाच पोरं असतात. सेटर गावी लग्नाला गेला की एखादं मशीन बंद राहतं. अशा शॉपच्या मालकांना, सुपरवायझरांना आणि ऑपरेटरांना पडणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उदाहरणं बहुतेक सीएनसी टर्निंगची (संगणकावर चालणाऱ्या लेथची) आणि थोडी फाउंड्रीची (धातूच्या ओतकामाची) आहेत. ज्यांचं काम शिवणयंत्रावर किंवा पॅथॉलॉजी लॅबमध्ये चालतं, त्यांनी आपापल्या कामाचे शब्द घालून वाचावं.

टिपा-खुणांचा व्हिडिओ म्हणजे नेमकं काय?

कामाचा एक छोटा व्हिडिओ घ्यायचा आणि त्यातल्या ठरावीक क्षणाला, चित्रातल्या ठरावीक जागी खूण लावायची. खुणेसोबत एक-दोन ओळींची टीप किंवा प्रश्न लिहायचा. बघणारा त्या क्षणाला पोचला की व्हिडिओ थांबतो किंवा टीप पडद्यावर येते.

यात वेळ आणि जागा दोन्ही लागतात. "ऑफसेट नीट टाका" (ऑफसेट म्हणजे टूलच्या जागेची कंट्रोलरमध्ये टाकायची दुरुस्ती) असं व्हिडिओखाली लिहिलं तर तो नुसता सल्ला होतो. चौदाव्या सेकंदाला कंट्रोलरच्या स्क्रीनवर बाण आणि शेजारी "या मशीनवर एक्सचा आकडा व्यासाचा धरतात, त्रिज्येचा नाही" असं लिहिलं, तर ती टीप झाली.

ही कल्पना नवी नाही. २०१२ ते २०१६ या काळात युरोपीय संघाच्या निधीतून 'लर्निंग लेयर्स' नावाचा संशोधन प्रकल्प चालला. लहान उद्योगांत लोक काम करता करता जे शिकतात त्याला तंत्रज्ञानाची मदत कशी करता येईल, हा त्याचा विषय. बांधकाम आणि आरोग्यसेवा ही दोन क्षेत्रं त्यांनी निवडली होती. बांधकामासाठी उत्तर जर्मनीत रोस्ट्रुप इथल्या बाउ-आबेत्से या प्रशिक्षण केंद्राबरोबर काम झालं. फिनलंडच्या आल्टो विद्यापीठाने त्या प्रकल्पात 'आख सो' नावाचं मोबाइल अ‍ॅप बनवलं: कामाचा व्हिडिओ घ्या, हव्या त्या क्षणी चित्रावर बोट ठेवा आणि लिहा. बाकी सगळी साधनं याच कल्पनेची भावंडं आहेत.

आम्ही व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकतोच की. त्यात काय कमी आहे?

सुरुवात म्हणून काहीच कमी नाही. अडचण तीन आठवड्यांनी येते, तो व्हिडिओ शोधताना. 'गुड मॉर्निंग', वाढदिवस आणि डिस्पॅचच्या फोटोंखाली तो गाडला गेलेला असतो. सापडला तरी चार मिनिटांतली कामाची बारा सेकंदं कुठली, हे कोणाच्या लक्षात नसतं.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. नवीन माणसाला सगळं दिसतं, पण बघायचं काय ते कळत नाही. मशीनचं दार, कूलंटचा फवारा, सेटरचे हात, मागून जाणारा हेल्पर हे सगळं त्याला सारख्याच महत्त्वाचं वाटतं. सँटा बार्बराच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले रिचर्ड मेयर यांनी चित्र, आवाज आणि मजकूर यांतून माणूस कसा शिकतो यावर अनेक वर्षं प्रयोग केले. महत्त्वाच्या जागेकडे लक्ष वेधणारी खूण असली आणि मजकूर छोट्या तुकड्यांत दिला, तर नवख्याला तो जास्त समजतो, असं त्यांतून दिसलं. ज्याला काम आधीच येतं, त्याला मात्र त्याच खुणा मध्ये मध्ये येतात. म्हणून टिपा बंद करून नुसता व्हिडिओ बघण्याची सोय असलेली बरी.

हे सगळं शेवटी ट्रेनिंगच झालं ना? यात अनौपचारिक काय?

ट्रेनिंगला तारीख असते, हजेरी असते, शेवटी चहा-बिस्किटं असतात. कामावरचं बहुतेक शिकणं असं होत नाही. ते मशीन थांबलेलं असताना, शिफ्ट बदलताना, डबा खाताना होतं.

मानववंशशास्त्रज्ञ जीन लेव्ह यांनी १९७० च्या दशकात पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियात शिंप्यांच्या हाताखाली शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. ती मुलं कपडा शिवायला शिकत ती शेवटाकडून सुरुवातीकडे: आधी बटणं, तुरपाई आणि इस्त्री, मग शिवण, आणि कापड कापणं सगळ्यात शेवटी. बटण चुकलं तर उसवता येतं, कापड चुकलं तर गेलं. हा अभ्यासक्रम कोणी कागदावर लिहिलेला नव्हता. आपल्याकडेही नवा पोरगा आधी डिबरिंग करतो (कडांचे खरखरीत कंगोरे काढतो), मग जॉब (मशीनवर घडवायचा तुकडा) लोड-अनलोड करतो, मग गेजिंग (मापं तपासणं), आणि ऑफसेटला हात लावायला वर्ष जातं. कारण तेच.

झेरॉक्स कंपनीच्या दुरुस्ती तंत्रज्ञांबद्दल ज्यूलियन ऑर यांचा अभ्यासही इथे आठवतो. कंपनीने त्यांना जाडजूड मॅन्युअल दिलेलं होतं. अवघड बिघाड आला की मात्र ते एकमेकांना किस्से सांगत: अमक्या गिऱ्हाइकाकडे असंच झालं होतं, तेव्हा दोष भलतीकडेच निघाला. त्या किश्श्यांतून निदान सापडायचं.

व्हिडिओवरच्या टिपा या किश्श्यांच्या जातीच्या असाव्यात. त्या मॅन्युअलसारख्या व्हायला लागल्या की लोक बघणं सोडतात.

७०:२०:१० चा नियम ऐकला आहे. तो खरा का?

सत्तर टक्के शिकणं कामातून, वीस टक्के इतरांकडून, दहा टक्के वर्गातून, असा तो नियम सांगतात. त्याचं मूळ १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिपने केलेल्या संशोधनात आहे. ते यशस्वी अधिकाऱ्यांना विचारून झालं होतं: तुम्ही कशातून शिकलात? लेथवरच्या ऑपरेटरला कोणी विचारलं नव्हतं, आणि इतके गोल आकडे मोजमापातून सहसा येत नाहीत. कामातूनच बरंच शिकलं जातं एवढं मान्य करून पुढे जावं. टक्केवारी प्रेझेंटेशनवाल्यांसाठी सोडून द्यावी.

खुणा कोणी करायच्या? सेटरनेच ना?

पहिल्या खुणा शिकणाऱ्याने करायच्या. या पानावरचं एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा.

समजा, सेटर तीन जॉ (जबडे) असलेल्या चकमध्ये, म्हणजे लेथच्या फिरत्या पकडीत, जॉब धरतो आहे. तुम्ही व्हिडिओ काढला आणि त्यालाच सांगितलं, "काका, टिपा टाका." तो टाकेल: जॉब घेतला, चकमध्ये धरला, क्लॅम्प केला, दार लावलं, सायकल स्टार्ट. पाच टिपा आणि पाचही बरोबर. आता तोच व्हिडिओ दोन महिन्यांपूर्वी आलेल्या आयटीआयच्या अ‍ॅप्रेंटिसला द्या आणि म्हणा, "जिथे कळलं नाही तिथे प्रश्नचिन्ह टाक." नवव्या सेकंदाला तो खूण करेल: "जॉब आत घालायच्या आधी काकांनी जॉवरून अंगठा का फिरवला?"

सेटरच्या यादीत अंगठा नव्हताच. तो वीस वर्षं अंगठा फिरवतो आहे आणि आपण तो फिरवतो हे त्याच्या गावीही नाही. विचारल्यावर मात्र सांगतो: जॉच्या बैठकीवर बारीक चिप राहिली की जॉब तिरका बसतो आणि फेस (जॉबचं समोरचं तोंड) आउट, म्हणजे मापाबाहेर, जातो. बोटाला चिप लागते, कधी जॉला पडलेला बर (धारदार कंगोरा) लागतो. अंगठ्याच्या त्या एका फेऱ्यात स्वच्छता आणि तपासणी दोन्ही होतात. नव्या पोराच्या जॉबचा फेस अधूनमधून का मारतो याचं उत्तर बहुधा इथेच असतं, आणि पाच बरोबर टिपांत ते आलं नव्हतं.

जाणकार माणसाला स्वतःचं कौशल्य दिसत नाही, कारण ते हातात उतरलेलं असतं. ते दिसतं नवख्याला. म्हणून क्रम असा ठेवा: व्हिडिओ जाणकाराच्या कामाचा, प्रश्नखुणा नवख्याच्या, उत्तरं जाणकाराची, शक्यतो तोंडी आणि मशीनसमोर. त्यातलं जे टिकवण्यासारखं वाटेल तेवढंच टीप म्हणून लिहायचं.

याच उदाहरणात आणखी एक गोष्ट पुढे येते. उघड्या अंगठ्याने चिप पुसणं बरं नाही, चिप ब्लेडसारखी कापते. मग टिपेत काय लिहायचं? "काका अंगठा फिरवतात, तुम्ही मशीन थांबलेलं असताना आधी ब्रशने साफ करा, मग बॅटरीच्या उजेडात बैठक बघा." सेटर, सुपरवायझर आणि अ‍ॅप्रेंटिस यांचं या टिपेवर बोलणं झालं की शॉपची पद्धत बदलते. ते बोलणं घडवून आणण्यापुरतंच व्हिडिओचं काम.

आणि हो, प्रश्न विचारणाऱ्याला "एवढं पण येत नाही?" असं एकदा जरी कोणी म्हटलं, तरी पुढच्या खुणा येणार नाहीत.

टीप लिहायची कशी?

थोडक्यात आणि कारणासकट. "जॉ साफ करा" हा हुकूम आहे. "चिप राहिली तर फेस आउट जातो" हे कारण आहे. कारण माहीत असलेला ऑपरेटर दुसऱ्या मशीनवरही जॉ साफ करतो, हुकूम पाळणारा त्या एकाच मशीनवर करतो.

आवाजात जे सांगितलं आहे तेच शब्द पडद्यावर पुन्हा लिहू नका. एकाच वेळी तेच ऐकायचं आणि तेच वाचायचं, यात लक्ष वाटलं जातं. बोलणं चालू असेल तर नुसता बाण किंवा वर्तुळ पुरतं. (शॉपमधल्या गोंगाटात आवाजाविना बघायचं असेल तर अर्थात लिहावंच लागतं.)

मिनिटाला तीन-चार टिपांपेक्षा जास्त झाल्या तर समजा की व्हिडिओचे दोन तुकडे करायला हवेत. आणि प्रत्येक टिपेखाली लिहिणाऱ्याचं नाव आणि तारीख हवीच.

नाव-तारीख कशाला? टीप बरोबर असली म्हणजे झालं.

टीप म्हणजे कोणाची तरी नजर असते. ती बघणाऱ्याला काय दिसावं हेच ठरवते.

याचं टोकाचं उदाहरण कारखान्याबाहेरचं आहे. ३ मार्च १९९१ रोजी लॉस एंजेलिसमध्ये पोलिसांनी रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला मारहाण केली. एका रहिवाशाने ती व्हिडिओवर टिपली आणि जगाने पाहिली. पुढे खटल्यात बचाव पक्षाने तोच व्हिडिओ संथ करून, एकेक चौकट (फ्रेम) थांबवून ज्युरीला दाखवला. पोलीस प्रशिक्षणातला तज्ज्ञ समजावून सांगत होता: इथे शरीर वर उठतं आहे, इथे बळ वाढवलं, इथे कमी केलं. मारहाणीचा व्हिडिओ बघता बघता 'पोलिसी तंत्राचा' व्हिडिओ झाला. २९ एप्रिल १९९२ रोजी राज्य न्यायालयातल्या ज्युरीने चारही पोलिसांना जवळपास सगळ्या आरोपांतून सोडलं आणि शहरात दंगल पेटली. चार्ल्स गुडविन या अभ्यासकाने १९९४ मध्ये याच खटल्यावरून दाखवून दिलं, की एखाद्या व्यवसायातली माणसं खुणा करून, नावं देऊन इतरांना 'बघायला' कसं शिकवतात.

मशीनशॉपमध्ये इतकं भयंकर काही घडत नाही. पण फीड (टूल पुढे सरकायचा वेग) कमी करून घेतलेला कट 'बरोबर पद्धत' म्हणून एका माणसाच्या टिपेने शॉपभर पसरू शकतो. नाव असलं की त्या माणसाला जाऊन विचारता येतं. टिपेवर उलट टीप टाकायची मुभा असली की आणखी बरं.

व्हिडिओ किती लांब असावा?

एका कामाचा, एका बैठकीचा. इन्सर्ट (टूलचं बदलायचं पातं) बदलणं, टूलचा टच-ऑफ घेणं (टूल जॉबला टेकवून त्याची जागा ठरवणं), बोअर गेजला (भोकाचा व्यास मोजायच्या साधनाला) झीरो करणं. बहुतेक कामं दीड-दोन मिनिटांत बसतात.

"सहा मिनिटांच्या पुढे लोक बघत नाहीत" हे वाक्य सगळीकडे फिरतं. ते एडएक्सवरच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या २०१४ मधल्या अभ्यासातून आलं आहे, ज्यात ६९ लाख वेळा बघितलेल्या व्हिडिओंची माहिती तपासली होती. पण ती विद्यापीठीय व्याख्यानं होती, बघणारे घरी बसलेले. मशीन थांबवून, हातात ऑइल असताना मोबाइल बघणाऱ्याला सहा मिनिटं म्हणजे चैन आहे.

शूटिंग कसं करायचं? चांगला कॅमेरा लागेल का?

मोबाइल पुरे. काम करणाऱ्याच्या खांद्यामागून, त्याला जसं दिसतं तसं घ्या. समोरून घेतलं की डावं-उजवं उलटतं आणि शिकणाऱ्याला मनात चित्र फिरवावं लागतं. पहिली चार-पाच सेकंदं लांबून, म्हणजे कुठलं मशीन ते कळेल, मग जवळ. मोबाइल आडवा धरा. फुल एचडीचा एक मिनिटाचा व्हिडिओ साधारण १०० ते १३० एमबीचा होतो, म्हणून जागा आधीच मोकळी करून ठेवा.

मूळ आवाज ठेवा. कट नीट चालला आहे की चॅटर (टूलची थरथर) येतो आहे हे डोळ्यांपेक्षा कानाला आधी कळतं. "इथे आवाज बदलला, ऐका" ही टीप कधी कधी सगळ्या व्हिडिओपेक्षा मोलाची असते. पार्श्वसंगीत टाकून हेच आपण पुसतो. व्यावसायिक एजन्सीकडून बनवून घेतलेल्या चकचकीत व्हिडिओंवर माझा राग आहे तो मुख्यतः यासाठी. ड्रोनशॉट असतात, गिटार असते, कटचा आवाज तेवढा नसतो.

आणि फिरत्या भागाच्या चित्रणात एक मोठा धोका आहे.

तो कोणता?

फिरणारा चक व्हिडिओत थांबलेला दिसू शकतो.

मोबाइल साधारणपणे सेकंदाला ३० चौकटी टिपतो. १,८०० आरपीएमवर (मिनिटाला १,८०० फेऱ्यांवर) चालणारा चक सेकंदाला ३० फेरे घेतो, म्हणजे दोन चौकटींमध्ये बरोबर एक पूर्ण फेरा. प्रत्येक चौकटीत जॉ त्याच जागी! उजेड भरपूर असला की चित्र पुसटही होत नाही. तीन जॉचा चक असेल तर ६०० आरपीएमलाही हेच होतं: सेकंदाला दहा फेरे, म्हणजे चौकटीगणिक १२० अंश, आणि एका जॉच्या जागी दुसरा येऊन उभा. वेग थोडा मागेपुढे असला तर चक सावकाश किंवा उलटा फिरताना दिसतो. नवख्याला वाटेल की चक मंद फिरत असताना हात आत घातला तरी चालतो.

अशा प्रत्येक व्हिडिओवर पहिलीच टीप लाल रंगात हवी: "चक पूर्ण वेगात फिरतो आहे. थांबलेला दिसला तरी थांबलेला नाही."

नव्या चित्रणासाठी गार्ड काढू नका, दाराचा इंटरलॉक (दार उघडं असताना मशीन चालू न देणारी सोय) बायपास करू नका. काम करणाऱ्याने स्वतः मोबाइल धरायचा नाही. फिरत्या भागापाशी हातमोजे घातलेला माणूस व्हिडिओत असेल तर तो व्हिडिओ पद्धत म्हणून वापरू नका, तशी टीप टाकूनही नको. लोक टीप विसरतात, चित्र विसरत नाहीत. पेंट बूथ आणि सॉल्व्हंटच्या खोलीत साधा मोबाइल न्यायचाच नाही.

कुठलं अ‍ॅप वापरू?

आधी एक जुनी गोष्ट. यूट्यूबवर पूर्वी व्हिडिओवरच चौकोन काढून टिपा टाकायची सोय होती. मे २०१७ मध्ये नव्या टिपा टाकणं बंद झालं आणि जानेवारी २०१९ मध्ये जुन्या टिपाही पडद्यावरून गेल्या. व्हिडिओ राहिले. लोकांनी वर्षानुवर्षं लिहिलेल्या टिपा गेल्या. तेव्हा अ‍ॅप कुठलंही घ्या, पण टिपा साध्या मजकुरात वेगळ्या ठेवता येतात का ते आधी बघा.

सगळ्यात साधा उपाय सबटायटलची एसआरटी फाइल. नोटपॅडमध्ये बनते: टिपेचा क्रमांक, कुठल्या वेळेपासून कुठल्या वेळेपर्यंत, आणि मजकूर. वेळेचे आकडे मात्र इंग्रजीच लागतात, मजकूर मराठी चालतो. व्हीएलसीसारखा मोफत प्लेअर ती वाचतो आणि टिपा हव्या तेव्हा बंदही करता येतात. बाण काढता येत नाही, ही त्यातली उणीव. त्यासाठी मोबाइलवरच्या कुठल्याही एडिटरमध्ये बाण काढा, पण बाणाविनाची मूळ प्रत जपून ठेवा.

यूट्यूबवर ठेवणार असाल तर वर्णनात वेळा लिहून प्रकरणं पाडता येतात. पहिली वेळ ०:०० हवी, किमान तीन वेळा हव्यात आणि प्रत्येक भाग निदान दहा सेकंदांचा हवा. 'अनलिस्टेड' म्हणजे खासगी नव्हे, लिंक असलेला कोणीही बघू शकतो.

व्हिडिओ थांबून प्रश्न विचारला जावा असं वाटत असेल तर एचफाइव्हपी हे मुक्त साधन चांगलं आहे. मूडल (ऑनलाइन वर्गाचं सॉफ्टवेअर) किंवा वर्डप्रेसवर (वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर) चालतं, त्यासाठी ते बसवणारा माणूस मात्र लागतो. नेदरलँड्समधल्या माक्स प्लांक भाषामानसशास्त्र संस्थेचं इलान हे मोफत सॉफ्टवेअर टिपा करण्यात फार तरबेज आहे. भाषाशास्त्रज्ञांसाठी उत्तम, शॉप फ्लोअरसाठी जड.

व्हॉट्सअ‍ॅपनेच पाठवायचं असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. नाहीतर व्हिडिओ दाबला जातो आणि व्हर्निअरवरच्या रेघा दिसत नाहीत.

पोरांना व्हिडिओ सापडणार कसा?

मशीनवर क्यूआर कोड चिकटवा. हा कोड १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्हमध्ये वाहनांच्या सुट्या भागांचा माग ठेवण्यासाठीच तयार झाला होता. चहावाल्याकडून तो आता आपल्या घरी परत येतो आहे म्हणायचा. एका मशीनवर एकच कोड, आणि तो उघडला की त्या मशीनची यादी.

कामगार कॅमेऱ्यासमोर यायला तयार नाहीत. काय करावं?

त्यांची शंका रास्त आहे. कारखान्यात कॅमेरा शिरला तो शिकवायला नव्हे, मोजायला. वयाच्या सतराव्या वर्षी गवंडीकाम शिकायला लागलेल्या फ्रँक गिलब्रेथ या अमेरिकन माणसाने पत्नी लिलियनबरोबर १९१२ च्या सुमारास कामगारांच्या हालचालींचं चित्रीकरण सुरू केलं. चित्रात एक वेगवान घड्याळ ठेवलेलं असे, म्हणजे हालचालीला किती वेळ लागला ते मोजता येई. वायफळ हालचाल आणि थकवा कमी व्हावा हा हेतू ते सांगत. कामगारांना त्यात वाढलेलं टार्गेट दिसत असे.

आजही मोबाइल वर झाला की ऑपरेटर मनात विचारतो, "सायकल टाइम काढताय का?" त्याला तोंडी आश्वासन पुरत नाही. नियम लिहून बोर्डावर लावा: हे व्हिडिओ टाइम स्टडीला, वॉर्निंग लेटरला किंवा इन्क्रिमेंटच्या चर्चेला वापरले जाणार नाहीत, आणि ज्याचा व्हिडिओ त्याने सांगितलं की तो काढून टाकला जाईल. हा नियम मालकाने एकदा जरी मोडला तर सगळं संपलं. सीसीटीव्हीचं फुटेज कापून शिकवायला वापरू नका. कायदा काय म्हणतो ते नंतर, आधी माणसाचा विश्वास जातो.

चेहरा घ्यायची गरजच नसते, हात पुरतात. चेहरा किंवा आवाज ओळखू येणार असेल तर लेखी संमती घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यामुळे ही सवय लावून घेणं शहाणपणाचं आहे.

जुने मेस्त्री म्हणतात, "मी कमावलेलं असं फुकट का देऊ?"

बरोबरच म्हणतात. ज्याच्यावाचून मशीन अडतं त्याला पगाराच्या बोलणीत वजन असतं, आणि व्हिडिओने ते कमी होईल अशी भीती असते. 'ज्ञान दिल्याने वाढतं' हे त्याला ऐकवू नका. त्याने ते बऱ्याच ठिकाणी ऐकलेलं असतं.

झेरॉक्सने पुढे तंत्रज्ञांच्या क्लृप्त्या साठवण्यासाठी 'युरेका' नावाची व्यवस्था केली. प्रत्येक क्लृप्तीला ती देणाऱ्याचं नाव असे आणि ती इतर अनुभवी तंत्रज्ञांनी तपासल्यावरच पुढे जाई. नाव आणि बरोबरीच्या लोकांची दाद, यावर बरंच काही चाललं. आपल्याकडे नावासोबत रोकडाही हवा असं माझं मत आहे. उत्तरं द्यायला लागणारा वेळ प्रॉडक्शनच्या आकड्यातून वजा करा. शिकवणाऱ्याला वेगळा भत्ता द्या आणि तो आधी ठरवा.

रिजेक्शनचे, चुकांचे व्हिडिओ ठेवावेत का?

ठेवावेत, माणूस ओळखू येत नसेल तर. तुटलेला इन्सर्ट, बोअरमध्ये पडलेली रेघ, ब्लो-होल (हवेची पोकळी) निघालेलं कास्टिंग. बरोबर आणि चूक शेजारी शेजारी दाखवली की नजर लवकर बसते. चूक घडताना कोणी शूटिंग करत नसतं, तेव्हा चुकीचा जॉब समोर ठेवून "हे कसं झालं असेल?" असा व्हिडिओ करा आणि खुणा सगळ्यांना करू द्या. मतं जुळली नाहीत तर उत्तम.

शॉपमध्ये मराठी, हिंदी, भोजपुरी, ओडिया बोलणारे आहेत. टिपा कुठल्या भाषेत?

शॉप फ्लोअरची स्वतःची एक भाषा असतेच: "ऑफसेट मार", "जॉब काढ", "झीरो घे". ती सगळ्यांना कळते. टिपा त्याच भाषेत लिहा. मजकुरापेक्षा बाण, बरोबर-चूकच्या खुणा आणि आकडे जास्त वापरा. वाचायचा कंटाळा असणाऱ्यांसाठी टीप बोलून ठेवता येते. प्रश्न मात्र ज्याला ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत येऊ द्या.

ग्राहकाचं ड्रॉइंग किंवा पार्ट दिसला तर?

गोपनीयतेचा करार असेल तर दिसता कामा नये. चित्रणाआधी ड्रॉइंग झाका, कंट्रोलरवरचं प्रोग्रामचं नाव बघा, पॅलेटवरची लेबलं बघा. शक्यतो भंगारातल्या जॉबवर किंवा साध्या बारवर शूट करा. ऑडिटच्या वेळी हे व्हिडिओ दाखवायचे की नाही, तेही आधी ठरवा.

जुने झालेले व्हिडिओ काढायचे कधी?

टूल, फिक्स्चर किंवा कंट्रोलर बदलला की लगेच. बाकीचे सहा महिन्यांनी नव्या माणसाला दाखवा. त्याला आज मशीनवर जे दिसतं आणि व्हिडिओत जे दिसतं त्यात फरक आढळला, तर एकतर व्हिडिओ जुना झाला आहे किंवा शॉपमध्ये पद्धत घसरली आहे.

उपयोग होतो आहे हे कसं कळणार? किती जणांनी बघितला ते मोजू का?

बघितल्याचा आकडा फारसा कामाचा नाही. टार्गेट दिलं तर पोरं मोबाइल चालू ठेवून चहाला जातील. नव्या खुणा येत आहेत का ते बघा, आणि कोणाकडून येत आहेत ते बघा. सगळे प्रश्न एकाच पोराचे असतील तर बाकीचे घाबरलेले आहेत. सेटर रजेवर असताना किती मशीनं चालली, हा दुसरा चांगला आकडा. रिजेक्शन कमी झालं तर आनंदच आहे, पण त्याचं सगळं श्रेय व्हिडिओला देऊ नका. त्याच महिन्यात मटेरियलची लॉटही बदललेली असते.

व्हिडिओने काय शिकवता येत नाही?

स्पर्श, वजन, ताण, वास, गरमी. फाउंड्रीत मोल्डिंगची रेती तयार आहे का हे जाणकार ती मुठीत दाबून बघतो. मूठ उघडल्यावर बोटांचे ठसे रेतीवर उमटलेले हवेत, आणि गोळा मोडला तर कडा धारदार राहायला हव्यात, भुगा व्हायला नको. ठसे आणि कडा व्हिडिओत दिसतील. मुठीला किती ओल लागली, किती जोर दिला, ते दिसणार नाही. लॅबमधलं यंत्र ओलावा आणि ताकद मोजून आकडा देतं, पण प्रत्येक साच्याआधी लॅबमध्ये कोण जातं?

अशा कामाच्या व्हिडिओत टीप बघणाऱ्याला उठवणारी हवी: "इथे थांबा. मिक्सरपाशी जा, मूठभर रेती घ्या, दाबा. मग तीच रेती मेस्त्रींच्या हातात द्या आणि विचारा, पाणी कमी आहे की जास्त."